यशवंती घोरपड आणि सिंहगडचा कडा

महाराष्ट्रांतील मुलाला सिंहगडाची ओळख बहुधा प्रथम एका घोरपडीमुळें होते. पुरंदरचा तह, जयसिंगाची स्वारी, उदेभानाचें शौर्य या गोष्टी त्याच्या कानांवर पुढें यथाकाल येतात. परंतु काळोख्या रात्रीं कमरेला दोर बांधलेली एक घोरपड सरसर कडा चढून जाते आणि तिच्या आधारानें मावळे वर पोहोंचतात, हें चित्र एकदां मनावर उमटलें म्हणजे जन्मभर पुसत नाहीं. त्या घोरपडीला नांवही आहे. ती यशवंती. सह्याद्रीच्या कथांतून वाघ, नाग, गिधाडें असे प्राणी पुष्कळ येतात, पण इतिहासाच्या एका निश्चित तारखेशीं जोडलेला आणि सरदारांच्या पंक्तीला जाऊन बसलेला सरपटणारा प्राणी हा एकच असावा.

ही कथा खरी कीं खोटी, एवढ्याच प्रश्नाचें उत्तर द्यावयाचें असतें तर चार ओळींत काम भागलें असतें. कथा खरी नाहीं, असें आमचें मत आहे, व त्याचीं कारणें पुढें देत आहों. परंतु आम्हांस महत्त्वाचा वाटतो तो प्रश्न निराळा आहे. त्या रात्रीं कड्याला प्रथम कोणीतरी हात घातला होता. तो हात कोणाचा होता, आणि त्याच्या जागीं घोरपडीचा पंजा केव्हां व कसा आला, याचा शोध घेणें हें आमच्या लेखाचें प्रयोजन होय.

प्रथम प्रसंगाचीं निर्विवाद अंगें पाहूं. इ. स. १६६५ च्या जून महिन्यांत पुरंदरचा तह झाला व त्यान्वयें शिवाजीमहाराजांनीं २३ किल्ले मोगलांच्या हवालीं केले. कोंडाणा त्यांतलाच एक. पुण्याच्या नैर्ऋत्येस सुमारें १५ मैलांवर, समुद्रसपाटीपासून ४,००० फुटांहून अधिक उंचीवर असलेला हा किल्ला ज्याच्या हातीं, त्याची नजर पुणें प्रांतावर, अशी त्याची जागा आहे. पुढें १६६६ सालीं आग्र्याहून सुटका झाली. कांहीं वर्षें सलोख्याचीं गेलीं. आणि १६७० च्या आरंभीं महाराजांनीं गेलेले किल्ले परत घेण्याची मोहीम उघडली. शके १५९१ च्या माघ वद्य नवमीच्या रात्रीं, म्हणजे इ. स. १६७० च्या फेब्रुवारीच्या ४ तारखेस, तानाजी मालुसरे यांनीं कोंडाणा घेतला व ते त्या लढाईंत पडले. मोगलांकडून गड राखणारा उदेभान राठोड हाही पडला. एवढ्या गोष्टींविषयीं वाद नाहीं.

आतां गडावर चढण्याचा वृत्तांत. या प्रसंगाची सर्वांत जुनी सविस्तर हकीकत आपणांस कृष्णाजी अनंत सभासद याच्या बखरींत मिळते. ही बखर राजाराममहाराजांच्या आज्ञेवरून जिंजी येथें, सतराव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत लिहिली गेली. म्हणजे कोंडाण्याच्या लढाईला तेव्हां तीस वर्षेंही उलटलीं नव्हतीं. त्या रात्रीं गडावर असलेलीं माणसें त्या वेळीं हयात असणें अगदीं संभवनीय आहे. सभासद काय सांगतो? तानाजीनें गड घेण्याचा विडा उचलला. पांचशें माणूस घेऊन तो गडाखालीं गेला. चांगले मर्दाने असे दोन मावळे त्यानें निवडले आणि त्यांना रात्रीं कड्यावर चढविलें. ते दोघे वानरांच्या चपळाईनें कडा चढून गेले, वरून त्यांनीं माळ, म्हणजे दोराची शिडी, लावली आणि मग तानाजीसह तीनशें लोक वर आले. सभासदाची हकीकत एवढीच आहे. तींत घोरपड नाहीं. मुलाच्या लग्नाची अक्षतही नाहीं. आहेत ते दोन मावळे. उपमा वानराची आहे हेंही वाचकांनीं ध्यानांत ठेवावें, कारण सभासदाला एखाद्या प्राण्याचें नांव घ्यावयाचें झालें तेव्हां तें त्यानें माणसाच्या वर्णनासाठीं घेतलें. माणसाला बाजूस सारण्यासाठीं नव्हे.

घोरपड येते ती पोवाड्यांतून. तुळशीदास शाहिराच्या नांवावर असलेला तानाजीचा पोवाडा मराठींत सुप्रसिद्ध आहे. हॅरी आर्बथनॉट अॅक्वर्थ हे इंग्रज अधिकारी आणि शंकर तुकाराम शाळिग्राम या दोघांनीं गोंधळ्यांच्या तोंडचे पोवाडे जमवून १८९१ सालीं ग्रंथरूपानें छापले, त्यांत हा पोवाडा आहे. अॅक्वर्थ यांनीं पुढें १८९४ मध्यें त्यांपैकीं कांहींचें इंग्रजी पद्यरूपांतरही प्रसिद्ध केलें. शाहीर सांगतो तें असें: तानाजीच्या घरीं रायबाच्या लग्नाची तयारी चालली आहे; राजाचें बोलावणें येतें; लग्न मागें राहतें. मग ऐंशी वर्षांच्या शेलारमामासह सारे गडाखालीं जमतात. तेथें पेटारा उघडून यशवंती बाहेर काढली जाते, तिच्या मस्तकीं शेंदूर थापला जातो, मोत्यांनीं तिला शृंगारतात, दोर बांधून कड्याला लावतात. घोरपड अर्ध्या कड्यापर्यंत जाते आणि माघारी फिरते. हा अपशकुन होय. परंतु तानाजी हटत नाहीं. आतां वर गेली नाहींस तर तुला मारून खाईन, असा धाक तो तिला घालतो. तेव्हां ती पुन्हां चढते व कड्याला नखें रोवून घट्ट बसते.

बखर व पोवाडा यांच्यांतला हा फरक केवळ तपशिलाचा नाहीं. एकींत माणूस चढतो, दुसऱ्यांत प्राणी चढतो. येथें कोणी म्हणेल कीं, सभासदानें संक्षेप केला असेल, घोरपडीचा उल्लेख करावयास तो विसरला असेल. पण संक्षेप करणारा लेखक गोष्टी गाळतो. तो घोरपडीच्या जागीं दोन मावळे नवे निर्माण करीत नाहीं. शिवाय पोवाडा हा गोंधळ्यांच्या मुखांतून पिढ्यान्पिढ्या आलेला. त्यांत प्रत्येक गाणाऱ्यानें आपल्या श्रोत्यांच्या आवडीचा एखादा अलंकार चढविला असल्यास त्यांत नवल नाहीं व दोषही नाहीं. अफझलखानाच्या वधाचा अगीनदासाचा पोवाडा समकालीन म्हणून मान्य आहे. तुळशीदासाच्या पोवाड्याला तितक्या निःशंकपणें ती पदवी देतां येत नाहीं.

याहून महत्त्वाचा पुरावा एका परकीय ग्रंथकारानें, बहुधा स्वतःच्या नकळत, आपल्यासाठीं ठेवला आहे. ग्रँट डफ यांचा मराठ्यांचा इतिहास १८२६ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत सिंहगडाची लढाई विस्तारानें दिली आहे. एक मावळा पुढें चढून गेला, त्यानें दोराची शिडी पक्की बांधली, आणि लोक एकामागून एक वर येऊन आंत निजून राहिले, असें तेथें वर्णन आहे. घोरपडीचें नांव नाहीं. परंतु त्याच ग्रंथांत घोरपड्यांच्या घराण्याविषयीं लिहितांना ग्रँट डफ सांगतात कीं, या घराण्याचें मूळचें आडनांव भोसले. बहामनी अमलांत यांच्या एका पूर्वजानें कोंकणांतला एक अजिंक्य मानलेला किल्ला घोरपडीला दोर बांधून प्रथम सर केला, म्हणून त्यांस हें नांव पडलें. म्हणजे घोरपडीची कथा ग्रँट डफ यांना ठाऊक होती. मात्र ती सिंहगडाची म्हणून नव्हे. ती दुसऱ्या किल्ल्याची, दुसऱ्या घराण्याची, आणि दोन शतकांपूर्वींची अशी ठाऊक होती.

मुधोळच्या घोरपड्यांकडे या परंपरेला जोडलेलें एक बहामनी फर्मानही दाखविलें जातें. त्यावरील काल इ. स. १४७१ चा, आणि प्रसंग महमूद गावानाच्या कोंकणच्या मोहिमेंत खेळणा, म्हणजे आजचा विशाळगड, सर केल्याचा. या फर्मानांच्या अस्सलपणाबद्दल इतिहासज्ञांत मतभेद आहेत, व तो वाद सोडविण्याची ही जागा नव्हे. आमच्यापुरता मुद्दा इतकाच कीं, घोरपडीनें गड चढण्याची कथा ही एका किल्ल्याशीं बांधलेली नसून सह्याद्रींत इकडून तिकडे फिरणारी आहे. जेथें कडा अवघड आणि पराक्रम मोठा, तेथें ती जाऊन चिकटते. खेळण्यावरून ती कोंडाण्यावर आली असावी, असें म्हणण्यास चांगला आधार आहे. कोंडाण्यावर ती मूळचीच होती असें म्हणण्यास मुळींच नाहीं.

सिंहगडाच्या बाबतींत हें एकदांच घडलें असें नाहीं. तानाजी पडल्याचें कळतांच महाराजांनीं काढलेले म्हणून जे उद्गार आज सर्वतोमुखीं आहेत, त्यांत तानाजीला सिंह म्हटलें आहे, व त्यावरूनच गडाला सिंहगड हें नांव पडलें अशी समजूत आहे. परंतु सभासदाच्या बखरींत महाराज सिंहाचें नांव घेत नाहींत. एक गड हातीं आला आणि तानाजीच्या रूपानें दुसरा गड गेला, अशा आशयाचे शब्द त्यानें त्यांच्या मुखीं घातले आहेत. इतकेंच नव्हे, तर १६६३ च्या एप्रिल महिन्यांत महाराजांनीं मोरो त्रिमल व निळो सोनदेव यांस पाठविलेल्या पत्रांत या किल्ल्याचा उल्लेख सिंहगड असाच आहे. म्हणजे तानाजी पडण्यापूर्वीं सात वर्षें हें नांव रूढ होतें. सिंहाचें नांव गडावरून माणसाकडे आलें, माणसावरून गडाकडे गेलें नाहीं. लोककथेची रीतच अशी आहे: जवळपास पडलेल्या दोन वस्तु ती उचलते आणि त्यांत कार्यकारणभाव जोडून देते.

आतां प्रत्यक्ष घोरपडीकडे वळूं. हा आपल्याकडील सरड्यांच्या जातींतला सर्वांत मोठ्या प्राण्यांपैकीं एक. शेपटीसह लांबी पांच फुटांपर्यंत, क्वचित् त्याहूनही अधिक. वजन फार तर सात किलोच्या आसपास. नखें बळकट व वांकडीं; झाडावर, खडकावर ती सहज चढते. पाठलाग झाला कीं बिळांत अथवा खडकाच्या फटींत शिरते, अंग फुगवून कडांशीं दाबून धरते, आणि मग तिला ओढून काढणें खरोखरच दुरापास्त होतें. तिच्या चिकटपणाची कीर्ति येथूनच निघाली. तामीळ भाषेंत हट्टी मिठीला ‘उडुंबाची पकड’ म्हणतात; उडुंबु म्हणजे घोरपड. तेव्हां कथेच्या मुळाशीं निरीक्षण आहे हें आम्ही आनंदानें मान्य करतों. रानांत वावरणाऱ्या लोकांनींच ही कथा रचली असावी. घरांत बसलेल्यांचें हें काम नव्हे.

परंतु निरीक्षणापासून कथेपर्यंतचें अंतर मोठें आहे. घोरपड घट्ट बसते ती फटींत, भीतीनें, स्वतःचें अंग अडकवून. उघड्या कड्यावर आज्ञेनें नव्हे. सात किलोच्या प्राण्याच्या कमरेच्या दोरावर त्याच्या आठ-नऊपट वजनाचा माणूस शस्त्रांसह लोंबकळला, तर दोघांचेंही काय होईल हें सांगावयास नको. कड्याच्या उंचीचा जाड दोर ओढीत नेणें हेंही त्या जीवाच्या शक्तीबाहेरचें. आणि शेवटचा, आम्हांस निर्णायक वाटणारा मुद्दा असा कीं, घोरपड हा दिवसा वावरणारा प्राणी आहे. तिच्या रक्ताला स्वतःची ऊब नसते. सकाळीं उन्हांत अंग शेकल्यावांचून तिला चपळाई येत नाहीं, आणि रात्रीं ती बिळांत निपचित पडून असते. माघांतली, डोंगरमाथ्यावरील थंड रात्र. वद्य नवमी असल्यामुळें चंद्र मध्यरात्र उलटल्याखेरीज उगवावयाचा नाहीं. मावळ्यांना ही वेळ जितकी सोयीची, तितकीच ती घोरपडीला निरुपयोगी. तिच्या मदतीनें गड चढावयाचा तर तानाजीला भरदुपारचा मुहूर्त धरावा लागला असता!

कांहीं चिकित्सकांनीं कथा वांचविण्यासाठीं मधला मार्ग काढला आहे. कोणी म्हणतात, यशवंती ही घोरपड नसून घोरपडे आडनांवाचा कोणी कुशल गिर्यारोहक असावा. कोणी म्हणतात, घोरपड हें लोखंडी नखांच्या आंकड्याचें नांव असावें. तो वर फेंकून दोर अडकवीत. या कल्पना चतुर आहेत, पण त्यांना आधार कोठेंच सांपडत नाहीं. आणि त्यांची गरजही नाहीं. जुन्या बखरींत चढणाऱ्या माणसांचा उल्लेख स्पष्ट असतां, पोवाड्यांतल्या प्राण्याला ओढूनताणून माणूस अथवा अवजार बनविण्यानें काव्याचीही हानि होते आणि इतिहासाचीही. सर जदुनाथ सरकार यांनीं १९१९ सालीं प्रथम प्रसिद्ध केलेल्या शिवचरित्रांत या रात्रीच्या वृत्तांतांत दोराच्या शिड्या आणि ती जागा ओळखणारे कोळी वाटाडे यांचा निर्देश केला आहे. ज्यांचा सारा जन्म अशा कड्यांच्या अंगाखांद्यावर गेला, ज्यांना कोणत्या खोबणींत पाय टिकेल व कोणतें गवत उपटून हातांत येईल हें अंधारांतही कळत असे, अशा माणसांची त्या मुलुखांत वाण नव्हती. अशीं माणसें असतांना घोरपडीची वाट कोण पाहतो?

मग शाहिरानें घोरपड आणली ती कशासाठीं? आमच्या मतें त्याचें उत्तर कडा चढण्यांत नाहीं, तर माघारी फिरण्यांत आहे. पोवाड्यांतला तो सर्व भाग पुन्हां डोळ्यांपुढें आणा. लग्नघर सोडून निघालेला बाप, ऐंशी वर्षांचा म्हातारा मामा, अंधार, आणि शेंदूर-मोत्यांनीं पूजिलेला शकुनाचा प्राणी अर्ध्यांतून परत येतो. श्रोत्यांना येथें कळून चुकतें कीं, हा माणूस आतां परत येत नाहीं. तानाजीलाही तें कळतें. तरीही तो शकुनाला हात जोडीत नाहीं. उलट त्याला धमकावतो. शुभाशुभ पाहिल्यावांचून पेरणीचा पाभर न धरणाऱ्या, मांजर आडवें गेलें तर चार पावलें थांबणाऱ्या श्रोत्यांपुढें शाहीर एक वीर उभा करतो, जो अपशकुन पाहतो, समजतो आणि ओलांडतो. हें नाट्य दोन मावळे निमूटपणें कडा चढून गेले असें सांगून साधलें नसतें. शाहिराला मरणाची पूर्वसूचना देणारें कोणीतरी हवें होतें. घोरपड ती देते.

घोरपडीचीच निवड व्हावी यालाही कारण आहे. ती आपल्या धर्मजीवनाला परकी नाहीं. गोधा, म्हणजे घोरपड, हें गौरीचें वाहन म्हणून मूर्तिशास्त्रांत प्रसिद्ध असून गोधेसह असलेल्या गौरीच्या जुन्या मूर्ति भारतांत अनेक ठिकाणीं आढळतात. खंडोबाच्या वाघ्याच्या हातांतली दिमडी परंपरेनें घोरपडीच्या कातड्यानें मढविली जात असे. देवीच्या गोंधळांत उभा राहून पोवाडा म्हणणाऱ्या गोंधळ्याच्या श्रोत्यांना शेंदूर लावलेली घोरपड म्हणजे नुसतें जनावर वाटणें शक्य नव्हतें. देवीचा हात तेथें आहे कीं नाहीं, याच शंकेनें त्यांचा श्वास रोखला जाई.

एवढें मान्य केल्यावर आमचा आक्षेप कशाला आहे? आक्षेप पोवाड्याला नाहीं. पोवाडा आपलें काम उत्तम करतो. आक्षेप आहे तो आपण, शिकलेल्या लोकांनीं, पोवाड्याला बखरीच्या आसनावर बसविलें याला. छापखाना आला, शाळा आल्या, चित्रें निघालीं. आणि गोंधळांत ऐकावयाची गोष्ट धड्यांतून वाचावयाची झाली. ऐकणाऱ्याला संबळाच्या तालावर ही गोष्ट कोणत्या जातीची आहे हें कळत असे. वाचणाऱ्या मुलाला तें कळण्याचें साधन उरलें नाहीं. परिणाम असा झाला कीं, यशवंतीचें नांव घरोघर आहे आणि त्या दोन मावळ्यांची आठवण कोणालाच नाहीं. त्यांचीं नांवें सभासदानेंही दिलीं नाहींत. पण नांव नसलें तरी त्यानें त्यांना जागा दिली होती, पराक्रम दिला होता, एक उपमा दिली होती. ती जागाही आपण त्यांच्याकडून काढून घेतली आणि एका जनावराला दिली.

या दोघांनीं काय केलें याचा क्षणभर विचार करावा. तानाजीच्या मागें पांचशें माणूस होतें. तीनशें लोक वर चढले तेव्हां त्यांच्या हातांत दोराची शिडी होती. या दोघांच्या हातांत कांहीं नव्हतें. वर पहारा जागा असता तर पहिला दगड त्यांच्याच डोक्यावर पडावयाचा. पाय निसटला तर ओरडण्याचीही सोय नाहीं, कारण ओरड ऐकतांच सर्व बेत फसावयाचा. सरदाराला मरण आलें तर त्याचा पोवाडा होतो, हें त्या काळींही माहीत होतें. यांना तेंही आमिष नव्हतें. स्वराज्य मिळालें तें असल्या अनामिक हातांनीं, असें आपण सभांतून म्हणतों. पण जेथें ते हात प्रत्यक्ष कागदावर सांपडतात तेथें त्यांच्यावर घोरपड नेऊन बसवितों.

रायगडाच्या हिरकणीची कथा येथें सहज आठवते. तीही लोककथाच; तिलाही दप्तरी पुरावा नाहीं. तान्ह्या मुलासाठीं रात्रीं कडा उतरून जाणारी गवळण तिनें आपल्यापुढें ठेवली. परंतु त्या कथेंत कडा माणूसच उतरतो, आणि बुरुजाला नांवही माणसाचेंच राहतें. लोककथा सामान्य माणसाला मोठें करूं शकते याचें हें उत्तम उदाहरण होय. सिंहगडाच्या बाबतींत ती उलट दिशेला गेली, एवढेंच.

आणि घोरपडीला तरी या कीर्तीचा काय लाभ झाला? तिच्या मिठीचें बळ तिच्या मांसांत व तेलांत आहे, अशा समजुतीनें ती पिढ्यान्पिढ्या मारली गेली. अलीकडे ‘हत्ताजोडी’ नांवाची भाग्यदायक मुळी म्हणून जी वस्तु विकली जाते, ती मुळी नसून घोरपडीच्या नराचा वाळविलेला अवयव असतो, असें तपासणींत उघडकीस आलें आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें तिला पहिल्या अनुसूचींत, म्हणजे वाघाच्या बरोबरीनें, संरक्षण दिलें आहे. शेतांतील किडे, उंदीर, अंडीं यांवर निर्वाह करणारा हा निरुपद्रवी जीव अद्भुत शक्तीच्या आरोपानें मरतो, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. ज्याला आपण अलौकिक ठरवितों त्याचे आपण नीट रक्षण करतोंच असें नाहीं.

मग मुलांना काय सांगावें? यशवंतीची गोष्ट सांगूंच नये, असें आम्ही म्हणणार नाहीं. मुलांचें मन अद्भुतावर पोसतें आणि या अद्भुतांत सौंदर्य आहे. पण ती सांगतांना, ही शाहिराची गोष्ट आहे, हें आधीं सांगावें. मग घोरपड माघारी फिरली तेव्हां तानाजीनें काय केलें याकडे त्यांचें लक्ष वेधावें, कारण कथेचा प्राण तेथें आहे. आणि ती संपल्यावर बखरींतली गोष्टही सांगावी. मुलांना दोन गोष्टी एका वेळीं मनांत ठेवतां येत नाहींत, ही मोठ्यांची समजूत आहे. मुलांना त्या उत्तम ठेवतां येतात. त्यांतली कोणती अधिक भयंकर व अधिक थोर आहे हें त्यांचें त्यांनाच ठरवूं द्यावें.

आज सिंहगडावर जाणाऱ्यांस पश्चिमेकडील तो कडा तानाजीचा कडा म्हणून दाखविला जातो. पावसाळ्यांत धुक्यानें आणि उन्हाळ्यांत वाळल्या गवतानें झांकलेल्या त्या खडकाकडे पाहतांना सोबतचा मुलगा विचारील कीं, घोरपड येथूनच चढली का? तेव्हां त्याला कड्याच्या कांठापासून सुरक्षित अंतरावर उभें करावें, खालचा तळ दाखवावा, आणि सांगावें कीं, बाळ, येथून दोन माणसें चढलीं, रात्रीं, दोराशिवाय. त्यांचीं नांवें आपल्याला ठाऊक नाहींत.